गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचे घर

घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी घेताना आपण रक्तदाब, साखर, गुडघे आणि डोळे यांचा विचार करतो. बसण्याची खुर्ची जमिनीपासून किती उंच आहे, पोह्यांचा डबा कोणत्या फळीवर आहे, रात्री उठल्यावर चष्मा कोठे सापडतो, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. माझ्यासारख्या कुटुंबवैद्याला घरभेटीत ही चौकशी करावीच लागते, कारण साठीनंतरच्या अनेक दुखापतींचे मूळ औषधांच्या यादीत सापडत नाही. ते माळ्यावर ठेवलेल्या पातेल्यात किंवा फार ठेंगण्या दिवाणात सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींतील मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि अशा मृत्यूंचे प्रमाण साठीपुढील व्यक्तींत सर्वाधिक आहे. जे वाचतात त्यांच्यापैकी कित्येकांना खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण आणि त्यानंतर पुन्हा पडण्याची धास्ती यांना तोंड द्यावे लागते. ही धास्ती फार वाईट. तिच्यामुळे माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की पायांची शक्ती जाते, आणि शक्ती गेली की पुन्हा पडतो.

या साखळीतील एक दुवा आपण आपल्या हातांनी तोडू शकतो. त्यासाठी लागते ती एक मापपट्टी, थोडे लाकूड, एक चांगला सुतार आणि दोन रविवार.

शरीर बदलते, फर्निचर तेच राहते

घरातील बहुतेक सामान आपण तिशी-चाळिशीत केलेले असते आणि ते त्या वयाच्या शरीराला साजेसे असते. पुढे मांडीचे स्नायू क्षीण होत जातात. ठेंगण्या आसनावरून उठताना गुडघे अधिक वाकलेले असतात, त्यामुळे याच क्षीण स्नायूंवर अधिक भार पडतो. मग माणूस दोन-तीन झोके घेऊन, समोरच्या टेबलाला धरून उठतो. तेच टेबल हलके असले की दोघेही कलंडतात.

उंचावरची वस्तू काढणे हे तर तिहेरी संकट. स्टुलावर पाय ठेवायला जागा थोडी, हात डोक्याच्या वर आणि मान मागे टाकलेली. अशा वेळी भोवळ येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे आतल्या कानातील सूक्ष्म कण जागचे हललेले असणे. मान मागे टाकताच घर फिरू लागते. त्याच्या उलट, अगदी खालच्या फळीतून काही काढण्यासाठी वाकून झटकन उभे राहिल्यास काहींचा रक्तदाब एकदम उतरतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या व झोपेच्या काही गोळ्या यात भर घालतात.

आपल्या जुन्या घरांत भिंतीतले फडताळ, दिव्याचा कोनाडा, कपड्यांच्या खुंट्या, स्वयंपाकघरातली मांडणी असे बरेच काही हाताच्या टप्प्यात असे. माळा तेव्हाही होता; परंतु त्यावर चढायला घरात तरुण पाय होते. आज शहरातल्या सदनिकेत जागा कमी म्हणून सामान छताकडे गेले, आणि मुले बंगळुरूला किंवा परदेशी गेल्यावर त्या छताखाली सत्तरीचे दोघेच उरले. दिवाळीपूर्वी फराळाची मोठी भांडी आणि गणपतीपूर्वी मखराचे सामान काढायला शेवटी त्यांच्यापैकीच कोणीतरी स्टूल ओढते.

पहिले काम: भिंतीवर दोन खुणा

करवत हाती घेण्याआधी माप घ्यावे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने नेहमीच्या घरच्या चपला घालून भिंतीला पाठ टेकून उभे राहावे. दुसऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात: एक गुडघ्याच्या उंचीवर, दुसरी खांद्याच्या. या दोन खुणांमधला पट्टा म्हणजे रोजच्या वस्तूंची जागा. दोघे ज्येष्ठ असतील तर उंच व्यक्तीचा गुडघा आणि ठेंगण्या व्यक्तीचा खांदा धरावा, म्हणजे पट्टा दोघांना सोयीचा होतो.

आता एका दिवसात आपण ज्या ज्या वस्तूंना हात लावतो त्यांची यादी करावी: चहा-साखरेचे डबे, कुकर, पोळपाट, औषधे, टॉवेल, पूजेचे साहित्य, वर्तमानपत्र, फोनचा चार्जर. यांतील किती वस्तू त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत, हे मोजताच घराचे निदान होते. पुष्कळदा नवे काही न बनवता, केवळ डब्यांची अदलाबदल करून निम्मे काम भागते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू माळ्यावर राहिल्या तरी हरकत नाही. मात्र त्या काढणारी व्यक्ती कोण, हे आधीच ठरलेले असावे.

दुसरे काम: बैठक उंच करणे

गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर, चपलेसह, मोजावे. बसल्यावर गादी जितकी दबते ती वजा करून आसनाची उंची साधारण तेवढी असावी. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघे फार दुखत असतील तर उंची इंच-दीड इंच जास्त ठेवता येते. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली उंचीच पाळावी. फार उंच आसनही वाईट. पाय लोंबकळले की मांडीखाली काचते आणि पावले सुजतात.

खोल रुतणारा सोफा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गादीखाली 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायचा, कडा घासून गोल केलेला तुकडा. गादी जुनी असेल तर तिच्या जागी घट्ट फोम घालावा. खुर्चीला हात असणे मात्र आवश्यक, कारण उठताना अर्धे काम मनगटे आणि दंड करतात. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय बाहेर पसरलेले असतात. ती ठोकळ्यांवर कधीही चढवू नये.

चार पायांच्या पलंगासाठी ठोकळे घरी करता येतात. समजा, गुडघ्यामागचे माप 16 इंच आहे आणि बसल्यावर गादीची उंची 13 इंच भरते. म्हणजे 3 इंचांचे ठोकळे हवेत. 19 मिलिमीटर प्लायचे चार चौकोनी तुकडे एकावर एक डिंकाने चिकटवून स्क्रूने आवळले की जाडी 76 मिलिमीटर, म्हणजे तीन इंच होते. पलंगाचा पाय 2 इंचांचा असेल तर ठोकळा 6 इंच लांब-रुंद असावा. वर चारही बाजूंनी किमान एक इंच उंचीच्या पट्ट्यांचे कुंपण ठोकावे, म्हणजे पाय घसरून बाहेर येत नाही. खाली जाड रबराचा तुकडा चिकटवावा. चारही ठोकळ्यांची उंची अगदी सारखी हवी. सुतारांच्या भाषेत एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक चालणार नाही. पलंग उचलायला दोन धडधाकट माणसे बोलवावीत आणि ज्येष्ठांनी त्या वेळी केवळ देखरेख करावी. पलंगाला चाके असतील किंवा खाली सामानाची पेटी असेल, तर ठोकळ्यांचा उपयोग करू नये. चार इंचांहून अधिक उंची वाढवायची असेल तर सुताराकडून पायच बदलून घ्यावेत. विटा लावण्याचा मोह टाळावा. त्या फुटतात आणि सरकतात.

पेटीच्या दिवाणाविषयी आणखी एक सूचना. त्याचे झाकण जड असते आणि ते उचलून धरताना पाठ वाकते. त्यात रोजचे पांघरूण ठेवू नये. पलंगाच्या पायथ्याशी एक उघडे बाक ठेवावे आणि पांघरूण त्यावर ठेवावे.

तिसरे काम: एक मांडणी

स्वयंपाकघरासाठी किंवा झोपायच्या खोलीसाठी एक साधी उघडी मांडणी करून पाहावी. पाच फूट उंचीच्या व्यक्तीसाठी जमिनीपासून 18, 28, 38 आणि 48 इंचांवर चार फळ्या पुरतात. फळीची लांबी अडीच फूट आणि खोली 10 ते 12 इंच ठेवावी. याहून लांब फळी डब्यांच्या वजनाने मध्ये झोल खाते, आणि याहून खोल फळीत मागची वस्तू काढण्यासाठी पुढच्या चार हलवाव्या लागतात. 19 मिलिमीटर जाडीच्या 8 बाय 4 फुटांच्या एका प्लायमधून दोन बाजू व चार फळ्या निघून काही तुकडे उरतातही. स्वयंपाकघरात ओलावा असतो, म्हणून पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी दर्जाचा प्लाय मागावा. माप लिहून दिल्यास दुकानातूनच किंवा सुताराकडून सरळ तुकडे कापून मिळतात, म्हणजे घरी करवत चालवावी लागत नाही.

मागच्या बाजूला 6 मिलिमीटर प्लाय ठोकला की मांडणी डुलत नाही. सर्वांत खालच्या फळीखाली, दोन्ही बाजूंच्या पायांना जोडणारी एक आडवी पट्टी द्यावी. तिच्याखाली मोकळी जागा राहते, त्यामुळे केर काढणे सोपे जाते. प्रत्येक फळीच्या पुढच्या काठाला अर्धा इंच उंच पट्टी लावावी, म्हणजे डबा सरकून पायावर पडत नाही. ही पट्टी फळीहून निराळ्या, ठळक रंगाची असली तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही फळीचा काठ दिसतो.

कणकेचा डबा, तेलाची बरणी, कुकर या जड वस्तू कमरेच्या आसपासच्या दोन फळ्यांवर ठेवाव्यात. वरच्या फळीवर हलके, खालच्या फळीवर अधूनमधून लागणारे. आता येथे एक धोका आहे. वजन मध्यावर आल्याने आणि खाली पोकळी असल्याने अशी मांडणी पुढे कलंडू शकते. म्हणून ती वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल आकाराच्या पट्ट्या लावून भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलीच पाहिजे. भिंतीतून विजेच्या तारा व पाण्याचे नळ गेलेले असतात. भोक पाडण्याचे काम जाणत्या सुताराकडे किंवा वायरमनकडे द्यावे.

मांडणी ठेवताना वाट अडू देऊ नये. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, म्हणून चालण्याची वाट तीन फूट मोकळी असावी. आणि तोल गेल्यावर माणूस हाताला येईल ते धरतो, हे ध्यानात ठेवून मोरीत टॉवेलच्या दांडीवर विसंबू नये. तेथे वजन पेलणारा धरदांडाच, पक्क्या भिंतीत, कारागिराकडून बसवून घ्यावा.

उशाशी एक फळी

घरातील सर्वांत उपयुक्त फर्निचर अनेकदा सर्वांत लहान असते. पलंगाच्या गादीइतक्याच उंचीवर, उशाच्या बाजूला, फूटभर लांबीची काठ असलेली फळी किंवा ठेंगणे टेबल हवे. त्यावर चष्मा, पाण्याचे भांडे, विजेरी, फोन आणि हाक मारायला घंटी एवढेच असावे. रात्री लघवीला उठताना या पाच वस्तू अंधारात चाचपडाव्या लागल्या नाहीत, तर पडण्याचा एक मोठा प्रसंग टळतो. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या काठावर बसावे आणि मग चालावे.

औषधांचा खण खांद्याखाली ठेवला की तो नातवंडांच्याही हाताला येतो. म्हणून त्याला झाकण आणि लहान मुलांना न उघडता येणारी कडी असावी. औषधे गॅसच्या वरच्या कपाटात किंवा मोरीत ठेवू नयेत, कारण उष्णता व ओल यांनी ती खराब होतात. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचे असते. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

काम करताना

घरातील आजोबांना सुतारकामाची आवड असेल तर त्यांना थांबवू नये. पॉलिश पेपरने घासणे, मापे लिहिणे, स्क्रू आवळणे, रंगाचा हात देणे ही कामे खुर्चीत बसून, चांगल्या उजेडात करता येतात. विजेवर चालणारी करवत आणि शिडी मात्र त्यांच्या वाट्याला येऊ नये.

लाकडाची धूळ दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांना त्रासदायक असते. घासकाम गॅलरीत, चांगला मास्क व चष्मा लावून करावे. भुसा झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांत वापरलेल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो आणि तो डोळ्यांना व घशाला झोंबतो. नवे सामान आणल्यावर किंवा पॉलिश केल्यावर खिडक्या काही दिवस उघड्या ठेवाव्यात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत ज्येष्ठांनी दुसऱ्या खोलीत झोपावे.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची जखम लवकर थांबत नाही. कापल्यास स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि हात वर ठेवावा. तरीही रक्त वाहत असेल तर दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस कधी घेतली, हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या व्यक्तीने काम चालू असताना अनवाणी फिरू नये. संध्याकाळी जमिनीवरून एक लोहचुंबक फिरवला तर सांडलेले खिळे व स्क्रू गोळा होतात.

न विचारता बदलू नका

हा परिच्छेद विशेषतः शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी पंधरा दिवस लेकीकडे गेल्या असता मुलाने मोठ्या प्रेमाने स्वयंपाकघर नवे केले. सगळे खण गुळगुळीत, सगळी दारे एकसारखी. परतल्यावर आजींना मोहरीही सापडेना. दोन महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणेच सोडले. ‘आता माझे काय काम?’ एवढेच त्या म्हणत. घर सुरक्षित झाले होते, पण त्यात वावरणारे माणूस मुके झाले होते. पुढे नातीने दोन खणांची दारे काढून टाकली, मिसळणाचा डबा, चहाचे पातेले आणि पोळपाट त्यांच्या पूर्वीच्या क्रमाने उघड्या फळीवर मांडले. आजी हळूहळू सकाळचा चहा करू लागल्या.

वयोवृद्धांना घरातील वस्तूंची जागा हातांनी पाठ असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत तर हीच हातांची आठवण पुष्कळ दिवस साथ देते. म्हणून एका वेळी एकच खण बदलावा. उघडी फळी, ठळक अक्षरांतली चिठ्ठी किंवा चित्र, आणि पारदर्शक डबे उपयोगी पडतात. नवी मांडणी कोठे ठेवावी, कोणता डबा कोणत्या फळीवर, याचा शेवटचा शब्द जो ती वापरणार त्याचा असावा. माप घेताना त्यांनाच मापपट्टीचे दुसरे टोक धरायला सांगावे.

काही प्रश्न

‘मग खाली बसणे सोडायचे का?’ असे अनेकजण विचारतात. ज्यांना दुखल्याखेरीज पाटावर बसता-उठता येते त्यांनी ते चालू ठेवावे. तो उत्तम व्यायाम आहे. ज्यांना येत नाही त्यांनी देवघर कमरेच्या उंचीवर घ्यावे आणि पूजेसाठी पाठ टेकता येणारी खुर्ची ठेवावी. घर सोयीचे करण्याचा हेतू माणसाने हालचाल थांबवावी असा नाही. योग्य उंचीच्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून दिवसातून दोन-तीन वेळा सावकाश पाच-सात वेळा उठणे-बसणे केल्यास मांड्यांची शक्ती टिकते.

‘एवढे केले म्हणजे पडणार नाही ना?’ याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. फर्निचर हा एक भाग आहे. वर्षात दोनदा पडणे झाले असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा पाय ओढत चालावे लागत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. पाच मिनिटे आडवे राहून आणि नंतर उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 10 किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर गोळ्यांचा फेरविचार लागतो. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. डोळ्यांची तपासणीही राहून गेलेली नसावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. या रविवारी भिंतीवरच्या दोन खुणा आणि डब्यांची अदलाबदल. खर्च काहीही नाही. त्यानंतर उशाची फळी आणि खुर्चीची उंची. पलंगाचे ठोकळे आणि मांडणी महिनाभरात सवडीने. आणि घरात स्टूल असेल तर ते आजच एखाद्या कुंडीखाली ठेवून द्यावे.